शिक्षणाचा ताळेबंद : खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवर दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे. पट अकरा. दोन्ही शिक्षकांचा मिळून वर्षाचा पगार १५ लाख ४० हजार. म्हणजे एका मुलामागे १ लाख ४० हजार रुपये. तिथून साडेतीन किलोमीटरवरच्या केंद्रशाळेत ९६ मुले आणि चार शिक्षक आहेत. तिथे हाच आकडा ३२ हजारांवर येतो. वाडीतली मुले केंद्रशाळेत नेली, तर पट १०७ होतो आणि शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे चार शिक्षकच पुरतात. गेल्या पावसाळ्याआधी वाडीतल्या मंडळींनी हा हिशेब तपासून द्यायला मला सांगितले. मी पंचवीस वर्षे पतसंस्थेत हिशेबनीस होतो. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, जे वाचले ते वाचनालयात बसून. पण बेरीज-वजाबाकी तपासता येते. बेरीज बरोबर होती.

वाडीकरांची अपेक्षा होती की मी त्यात चूक काढीन. चूक निघाली नाही, तरी मन मानेना. मग हा प्रश्न थोडा मागून, इतिहासाच्या बाजूने पाहावा असे ठरवले. शाळेवरचा खर्च आणि तिच्यापासूनचा लाभ तोलण्याची रीत आपल्याकडे केव्हापासून आहे, तोलणाऱ्यांनी तराजू कसा धरला आणि पारड्यात काय ठेवायचे राहिले, एवढेच या लेखात पाहायचे आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. ‘शिक्षण अमूल्य आहे, त्याचा हिशेब करूच नये’ या मताचा मी नाही. ज्याची किंमत मांडलेली नसते, त्याच्या नावापुढे अंदाजपत्रकात शून्य पडते, हे मी फार वेळा पाहिले आहे. हिशेब करायलाच हवा. तो अर्धा केला जातो, ही माझी तक्रार आहे.

एक : पैसा कुठून आला?

शिक्षणखर्चाचा पुरा हिशेब मागणारा आपल्याकडचा पहिला मोठा दस्तऐवज म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन. तारीख १९ ऑक्टोबर १८८२. त्याची आठवण सहसा निघते ती सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, असे त्यांनी मागितले होते. पण हिशेबनिसाच्या नजरेने वाचले की त्यातली दुसरी बाजू दिसते. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि त्यातला शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो, असा जोतीरावांचा मुद्दा होता. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे त्या काळचे सरकारी तत्त्व. हे झिरपणे प्रत्यक्षात कुठे दिसते, असे ते विचारत होते.

आजच्या अर्थशास्त्रात याला खर्चाचा भार कोणावर आणि लाभ कोणाला, याचा अभ्यास म्हणतात. जोतीरावांपाशी ही परिभाषा नव्हती, पण प्रश्न नेमका होता. एकूण खर्च किती आणि एकूण लाभ किती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. भरणारा कोण आणि घेणारा कोण, हे दोन रकाने त्यांनी वेगळे केले.

त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकांच्या पगाराचाही विचार केला आहे. गावच्या प्राथमिक शिक्षकाला महिना १२ रुपयांहून कमी नसावेत, मोठ्या गावात १५ ते २० असावेत, असे त्यांचे म्हणणे. शिक्षण पसरवायचे पण ते शिकवणाऱ्याच्या पोटाला चिमटा काढून नव्हे, ही दृष्टी त्यामागे आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येईल.

१९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय मवाळ होते. सहा ते दहा वयाच्या मुलांपुरते आणि जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत आहेत अशाच भागापुरते. तरी १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोधाच्या कारणांत पैशाची अडचण ठळक होती. पण तोवर सयाजीरावांनी बडोदे संस्थानात, आधी १८९३ पासून अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये राज्यभर, सक्ती आणली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तेच केले. साम्राज्याला न परवडणारी गोष्ट दोन संस्थानांना परवडली. ‘परवडत नाही’ हा शब्द तिजोरीतली रक्कम सांगत नाही, तर खर्चांचा अनुक्रम सांगतो.

दोन : ‘अपव्यय’ नावाचा रकाना

१९२९ साली हार्टॉग समितीचा अहवाल आला. सायमन आयोगाला मदत म्हणून नेमलेली ही समिती. भारतीय शिक्षणाच्या चर्चेत दोन शब्द तिने कायमचे रुजवले : अपव्यय आणि स्थगन. प्राथमिक शिक्षण पुरे होण्याआधी मूल शाळेतून निघून गेले, तर तो अपव्यय. एकाच वर्गात वर्षाहून अधिक राहिले, तर स्थगन. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ उरली, हा आकडा या अहवालातून घराघरांत नसला तरी कचेरीकचेरीत पोचला.

आकडा भीषण आहे आणि तो समोर आणल्याबद्दल समितीचे ऋण मानले पाहिजे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पाहा. शाळा वाढवण्याआधी आहेत त्या सुधारा, विस्तार थांबवून बळकटी आणा. पुढच्या दशकात प्राथमिक शाळांची वाढ मंदावली ती याच धोरणाच्या छायेत.

माझे आक्षेप तीन. पहिला मोजणीचा. पहिलीच्या पटावर नवी मुले असतात तशी मागच्या वर्षी तिथेच राहिलेलीही असतात. त्यांना एकत्र धरून चौथीच्या पटाशी गुणोत्तर काढले की एकाच मुलाला दोनदा मोजल्याचा दोष शिरतो. दुसरा आक्षेप व्याख्येचा. तीन वर्षे शाळेत गेलेल्या मुलाला काहीच मिळाले नाही, असे ‘अपव्यय’ हा शब्द गृहीत धरतो. दोन वर्षे शिकून स्वतःचे नाव, गावाच्या पाटीवरचे नाव आणि सावकाराच्या पावतीवरचा आकडा वाचू लागलेल्या माणसाला विचारले, तर तो याला अपव्यय म्हणणार नाही. तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. मूल शाळा सोडते ते सुगीला हात कमी पडतात म्हणून, धाकटे भावंड सांभाळायला कोणी नसते म्हणून. ही किंमत घर मोजत असते. समितीच्या हिशेबात सरकारचा वाया गेलेला पैसा आहे. मुलाला शाळेत पाठवताना घराने सोडलेल्या मजुरीला त्यात रकाना नाही. मग ‘मूल निघून गेले’ हे दिसते, ‘घराला पेलले नाही’ हे दिसत नाही.

कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर लिहिलेल्या भारतीय शिक्षणाच्या इतिहासात त्यांनी या ‘आधी बळकटी, मग विस्तार’ धोरणावर टीका केली आहे. नाईकांचे नंतरचे एक सूत्र प्रसिद्ध आहे. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणाचा हाती न लागणारा त्रिकोण आहे. एक बाजू ओढली की दुसरी ताणते. हार्टॉग समितीने गुणवत्तेची बाजू ओढली. ताण समतेवर आला.

तीन : एका डॉलरचे सोळा

लाभ मोजण्याच्या बाजूचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालशाळेचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली तीन-चार वर्षांची १२३ मुले निवडली. त्यांतल्या ५८ जणांना उत्तम बालशाळा आणि आठवड्याला शिक्षकांची घरभेट मिळाली, ६५ जणांना ती मिळाली नाही. मग दोन्ही गटांचा माग त्यांच्या चाळिशीपर्यंत काढला. असा चिकाटीचा अभ्यास दुर्मीळच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार दर मुलामागे खर्च १५,१६६ डॉलर आणि समाजाला परतावा २,४४,८१२ डॉलर. एका डॉलरला सोळा. पुढे जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी तोच मजकूर कडक कसोटीने तपासला आणि वार्षिक परतावा ७ ते १० टक्के असल्याचे दाखवले. आकडा खाली आला, तरी तो चांगलाच आहे.

‘एकाचे सोळा’ हे वाक्य जगभर भाषणांत फिरले. पण हे सोळा आले कुठून? सार्वजनिक लाभातला ८८ टक्के वाटा गुन्हे कमी झाल्यामुळे वाचलेल्या पैशाचा होता : पोलीस, कोर्ट, तुरुंग आणि गुन्ह्याला बळी पडणाऱ्यांचे नुकसान. आणि सार्वजनिक लाभातला ९३ टक्के वाटा मुलांच्या नावावर पडला, मुलींच्या नावावर फक्त ७ टक्के. कारण मुळातच मुली गुन्हे कमी करतात. त्यांच्यामुळे वाचायला तुरुंगाचा खर्च नव्हताच.

आता दुसरा आकडा. या प्रयोगात शालान्त शिक्षण पुरे करण्याचे प्रमाण मुलींमध्ये जवळजवळ दुप्पट झाले. म्हणजे शिक्षणाचा शिक्षण म्हणून जो लाभ, तो मुलींना भरभरून मिळाला. ताळेबंदात मात्र त्या मुली जवळपास अदृश्य राहिल्या. एखाद्या कारभाऱ्याने याच आकड्यांवर धोरण ठरवले, तर बालशाळा फक्त मुलांसाठी काढणे ‘फायद्याचे’ ठरेल. अभ्यासकांनी असे कुठेही म्हटलेले नाही. उलट ही विभागणी त्यांनीच प्रामाणिकपणे छापली आहे. पण जे पैशात सहज मोजता येते, त्याचेच पारडे कसे जड होते, हे यातून कळते.

याच ठिकाणी आणखी एक बारकावा. शाळेचा खर्च आज होतो, लाभ तीस-चाळीस वर्षांनी. म्हणून पुढच्या लाभाचे आजचे मूल्य काढताना दरवर्षी काही टक्के वजावट धरतात. पेरीच्या हिशेबात ती ३ टक्के होती. चाळीस वर्षांनी मिळणारे १०० रुपये ३ टक्क्यांनी आज साधारण ३१ रुपयांचे होतात आणि १० टक्क्यांनी अवघे २ रुपये २१ पैशांचे. मूल तेच, शाळा तीच. दर बदलला की शाळा फायद्याची किंवा तोट्याची. हा दर निवडतो कोण? पतसंस्थेत मी व्याजदर सभेपुढे ठेवत असे, सभासद भांडत आणि मग ठरे. शिक्षणाच्या हिशेबात हा दर बहुधा तळटीपेत असतो.

चार : बालसखीचे १०७ रुपये

आता मुंबईकडे वळू. २००१ ते २००३ या वर्षांत मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची काटेकोर तपासणी झाली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ले लिंडन यांचा तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. कल्पना साधी होती. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वर्गाबाहेर काढायची आणि वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणीने त्यांना अक्षर-अंक पक्के करून द्यायचे. दुसऱ्या वर्षी शाळेतल्या सगळ्या मुलांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. वाढ मुख्यतः तळातल्या मुलांची होती. कार्यक्रम संपल्यावर वर्षाने हा लाभ सुमारे ०.१० वर ओसरला, तरी पुसला गेला नाही. खर्च? दर मुलामागे वर्षाला १०७ रुपये. वडोदऱ्यातल्या संगणकावरच्या गणिताने त्या विषयाचे गुण अधिक वाढवले, पण त्याला दर मुलामागे ७२२ रुपये लागले. साहजिकच बालसखी हे स्वस्त आणि गुणकारी उपायाचे नमुनेदार उदाहरण ठरले.

या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. तळातली मुले वर्गात बसूनही शिकत नाहीत आणि थोड्या नेमक्या मदतीने शिकतात, हे त्याने पुराव्यानिशी दाखवले. मागच्या बाकावरची मुले अशी ताळेबंदात पहिल्यांदा ठळक आली. पण १०७ रुपये हा आकडा उलगडून पाहिला पाहिजे. बालसखीचे मानधन महिना ५०० ते ७५० रुपये होते, नियमित शिक्षकाच्या पगाराच्या एक दशांशाच्या आसपास. ती सरासरी वर्षभर टिके. मग लग्न होई किंवा दुसरे काम मिळे. म्हणजे कार्यक्रम स्वस्त होता तो पद्धतीमुळे काही प्रमाणात, आणि वस्तीतल्या शिकलेल्या मुलीपुढे दुसरा चांगला पर्याय नव्हता म्हणून बऱ्याच प्रमाणात. तिने कमी मोबदल्यात दिलेला वेळ हा खर्चच आहे. तो संस्थेच्या वहीत न पडता तिच्या वहीत पडला, आणि तिची वही कोणी मागितली नाही.

जोतीरावांचे १२ रुपये इथे आठवतात. १८८२ साली ते म्हणत होते की गावच्या शिक्षकाला जगण्यापुरते द्या, मग त्याच्याकडून काम मागा. सव्वाशे वर्षांनंतर कमी देणे हाच कार्यक्रमाचा गुण मानला गेला. यावर एक उत्तर मिळते : अनुभव मिळाला, घराबाहेर पडता आले, हा त्या मुलींचा लाभच की! खरे आहे. मग तोही मोजावा. पण लाभ बोलण्यात आणि खर्च मौनात, असा हिशेब चालत नाही.

पाच : ‘करता येईल’

आता पुन्हा वाडीवर. २०२३ च्या सुमारास राज्यात वीसहून कमी पटाच्या शाळा १५ हजारांच्या जवळपास होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांच्या आसपास मुले शिकत होती. २०१७ मध्ये दहाहून कमी पटाच्या शाळांबाबत, आणि २०२३ मध्ये समूह शाळांच्या निमित्ताने या सर्वांबाबत निर्णय पुढे आले. त्यामागचा युक्तिवाद मी टाकाऊ मानत नाही. अकरा मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही, चार इयत्ता एकत्र बसतात. एक शिक्षक बैठकीला गेला की शाळा अर्धी होते.

मी घरांच्या बाजूचा हिशेब केला. अकरा मुले आठ घरांतली. वाटेत ओढा आणि रान आहे, म्हणून लहानांना सोडायला-आणायला माणूस लागणार. दोन घरांमागे एक धरला तरी चार माणसांचा रोज अर्धा दिवस. रोजगार हमीचा २०२४-२५ चा दर २९७ रुपये. २२० दिवसांचे होतात १ लाख ३० हजार ६८० रुपये. जीप लावायची तर दिवसाला ९०० प्रमाणे १ लाख ९८ हजार. म्हणजे वाचणाऱ्या १५ लाख ४० हजारांतून जीप जवळजवळ आठ वेळा लावता येते. वाडीकरांना हे सांगताना मला अवघड गेले. आकडे त्यांच्या बाजूने नव्हते.

अर्थशास्त्रात याला एक जुना आधार आहे. १९३९ साली निकोलस काल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी मांडलेली कसोटी अशी : एखाद्या बदलाने ज्यांचा फायदा होतो, ते तोटा होणाऱ्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल चांगला. मात्र भरपाई प्रत्यक्ष दिलीच पाहिजे, अशी त्यात अट नाही. देता येण्याजोगी असली की पुरे. खर्च-लाभाच्या बहुतेक सगळ्या हिशेबांचा पाया हाच आहे. आणि माझ्या मते फट इथेच आहे.

ही फट मला पुस्तकातून कळली नाही. सहा वर्षांपूर्वी याच तालुक्यातली दुसरी एक वाडी होती, पट सात. तेव्हाही गावाने हिशेब मागितला होता आणि तो कागद मीच तयार केला होता. त्यात मी वाक्य लिहिले होते : ‘बचतीच्या रकमेतून वाहतुकीची सोय करता येईल.’ गाव त्या वाक्यावर राजी झाले. जीप आली, दीड वर्ष चालली, मग बिले अडकली आणि चालकाने ती बंद केली. सातांपैकी मुलगे सायकलवर आणि कोणाच्या ना कोणाच्या मागे बसून जात राहिले. तीन मुलींपैकी एक आजोळी गेली, एक आश्रमशाळेत. तिसरी घरी राहिली. ती आता पंधरा वर्षांची आहे. बाजाराच्या दिवशी भेटली की मला ‘काका’ म्हणून हाक मारते. तो कागद माझ्या हातचा आहे हे तिला बहुधा माहीत नाही.

बचत झाली का? झाली. ती कागदावर खरी आहे. भरपाई देता आली असती का? आली असती. दिली गेली नाही. काल्डॉर-हिक्स कसोटीवर तो बदल आजही उत्तीर्ण आहे. त्या मुलीपुरता तो नापास आहे. सरकारच्या वहीतली बचत आणि तिच्या वहीतला तोटा यांची बेरीज करून उत्तर धन आले, एवढ्याने दोन वह्या एक होत नाहीत.

म्हणून या वेळच्या कागदावर मी आकडे तसेच ठेवले, एकही बदलला नाही. खाली चार ओळी घातल्या. जीपचा करार आणि पैसा आधी, शाळा हलवणे नंतर. तरतूद निदान पाच वर्षांची, स्वतंत्र शीर्षाखाली. जीप सलग पंधरा दिवस आली नाही, तर वाडीवरचा वर्ग पुन्हा भरेल, म्हणून इमारत मोडू नये. आणि दरवर्षी जूनमध्ये अकराही मुलांची, त्यांतही मुलींची, नावानिशी हजेरी ग्रामसभेत वाचावी. पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे कायद्यानेच मानले आहे. त्यापलीकडे मुलाला न्यायचे तर नेण्याची जबाबदारी नेणाऱ्याची.

वाडीत दोन मते पडली. काही म्हणाले, या अटी कोणी मान्य करणार नाही, म्हणजे शाळा वाचलीच. काहींना मोठी शाळा खरोखर हवी होती, जीप मिळत असेल तर. मला दोन्ही म्हणणी रास्त वाटतात. निर्णय अजून व्हायचा आहे. शाळा जूनपासून भरते आहे, अकरा मुलांची.

शिक्षणाच्या कार्यक्रमांचा हिशेब कसा वाचावा, याविषयी एवढ्या वाचनातून माझ्यापुरते जे ठरले ते असे. आधी विचारावे, खर्च कोणत्या वहीत पडला आणि कोणत्या वहीतून लपला. मग पाहावे, लाभाचे मोठे आकडे कोणाच्या नावावर आहेत आणि कोणाचा लाभ पैशात न आल्यामुळे गळाला. दर आणि मुदत कोणी ठरवली, हे तळटीपेतून वर काढावे. आणि शेवटी कागदावरची क्रियापदे तपासावीत. ‘करता येईल’ असे जिथे लिहिले असेल, तिथे शाई वाळण्याआधी ‘केले आहे’ असे लिहून घ्यावे. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी आकडे तपासत आलो, क्रियापदे तपासायला उशिरा शिकलो.